परत गेलेला मुराळी

साताऱ्याहून विनोदिनीचं कार्ड आलं की सांगलीच्या गावभागातल्या त्या घरात सुट्टी सुरू व्हायची. कोर्ट बंद झालेलं असो नसो, शाळेला कुलूप लागलेलं असो नसो, कार्ड आलं म्हणजे सुट्टी आली. माई ते कार्ड देवापुढे ठेवायच्या, मग शेजारी जाऊन वाचून दाखवायच्या. त्यांचे चिरंजीव गंगाधरपंत माळ्यावरून पत्त्यांचे जोड खाली काढायचे. आणि त्यांची बायको शरयू त्याच माळ्यावरून मोठी पातेली खाली काढायची.

गंगाधरपंत संस्थानच्या कोर्टात कारकून होते. सुट्टी म्हणजे ओट्यावर सतरंजी, पत्त्यांचा डाव आणि दर डावाला चहा, असं त्यांचं साधं गणित. त्यांची धाकटी बहीण विनोदिनी साताऱ्याला दिलेली. तिचे यजमान हरिभाऊ हायस्कुलात मास्तर होते. वर्षभर मुलांना दरडावून कोरडा पडलेला त्यांचा घसा मे महिन्यात सासुरवाडीच्या आमरसानं ओला व्हायचा. मुलं कमरेला भोपळे बांधून कृष्णेत डुंबायची आणि भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. विनोदिनी मात्र झोपायची. सकाळी चहा घेऊन झोपायची, दुपारी जेवून झोपायची, संध्याकाळी पदराखाली हात घेऊन माजघराच्या उंबऱ्याशीच लवंडायची.

"माहेरी आलीय, झोपू दे हो पोरीला," माई म्हणायच्या. "शरयू, आवाज करू नकोस भांड्यांचा."

मग शरयू एवढ्या माणसांचं रांधायची, वाढायची, उष्टी काढायची, आणि भांड्यांचा आवाज होऊ द्यायची नाही.

भांडी घासायला साळूबाई यायची. माळवाडीहून पायी येणारी, हाडापेरानं चिवट, जिभेनं त्याहून चिवट. एकदा राखेचा हात पुसत ती म्हणाली, "वैनीबाई, तुमास्नी कवा हाय वो सुट्टी?"

"तुला आहे का?"

"आमास्नी कुटली? बैलाला बेंदूर हाय. त्या दिशी त्येच्या मानंवर जू न्हाई ठेवत कुनी, शिंगास्नी रंग लावत्यात, पुरनाची पोळी चारत्यात. आपुन दोगी पडलो बिनशिंगाच्या."

शरयू हसली. पण ते हसू ओठांवरच राहिलं. आपल्याला शिंगं नाहीत असं सगळे समजतात, ते बरंच आहे, असं तिला वाटून गेलं.

शरयू वाईची. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिचे वडील स्वतः तिला न्यायला आले होते. सासरच्या मुलीला माहेरी नेण्यासाठी जो येतो त्याला मुराळी म्हणतात. बहुधा भाऊ येतो. पण तिचा भाऊ मधू तापानं पडला होता, म्हणून वडील, म्हणजे दादाच, निघाले. उतारवय, दम्याचा त्रास. वाईहून मोटारीनं वाठार स्टेशन, तिथून मिरजेची गाडी, मिरजेहून सांगली. बरोबर पळसाच्या पानांनी झाकलेली करवंदांची पाटी. शरयूला करवंदं फार आवडायची, म्हणून घाटातल्या बाईकडून त्यांनी ती मुद्दाम घेतलेली.

ते आले तेव्हा आत जावयाची पंगत बसली होती. माई दारात गेल्या आणि म्हणाल्या, "आत्ता कशी पाठवू? विनोदिनी आलीय. ती गेली की बघू."

"मी थांबतो," दादा म्हणाले.

ते ओट्यावर बसले. वैशाखातलं ऊन, फरशी तव्यासारखी तापलेली. कुणी त्यांना आत या म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा तेवढा बाहेर गेला. शरयू स्वयंपाकघरातून उठू लागली तेव्हा माईंनी हाताच्या खुणेनंच तिला बसवलं. "पंगत उठेपर्यंत चुलीपुढून हलायचं नाही. जावईमाणसाच्या पानात पोळी गार पडता कामा नये."

पंगत उठली. मग मुलांची बसली. मग हरिभाऊंना पुन्हा आमरसाची इच्छा झाली. शरयू हात धुऊन धावत बाहेर आली तेव्हा ओटा रिकामा होता. करवंदं उन्हानं माना टाकून बसली होती आणि विनोदिनीची मुलं त्यातली बरी निवडून खात होती. गल्लीच्या टोकाला एक जुनी छत्री वळताना दिसली, तेवढीच.

श्रावणात तार आली. कृष्णेला पूर होता, रस्ता बंद होता. शरयूला वडिलांचं तोंडही पाहता आलं नाही. तिच्याजवळ राहिली ती वळणाऱ्या छत्रीची आठवण.

ती कुणाशी भांडली नाही. घरात सगळे म्हणाले, सून समजूतदार आहे. त्यांना काय ठाऊक, की त्या दिवसापासून ती रोज भाकरी थापताना एकच गोष्ट थापत होती. या घराची सुट्टी मी एकदा नासवीन. माईंना मी असंच उन्हात उभं करीन. कसं, ते तिला कळत नव्हतं. पण तिला घाई नव्हती.

आणि मग बेचाळीस साली ज्येष्ठ अधिक आला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला घरी बोलावून त्याला नारायण समजून पाटावर बसवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर धापा टाकत चालत होत्या, तूप महाग झालं होतं. पण माईंनी तूप आधीच साठवून ठेवलेलं. "असू दे लढाई," त्या म्हणाल्या. "माझ्या जावयाचं वाण अडत नाही."

साताऱ्याहून कार्ड आलं त्याच आठवड्यात वाईहूनही एक कार्ड आलं. शरयूच्या आईनं लिहिलं होतं, की यंदा अधिक महिना आहे, हे गेल्यापासून घरात काही गोडधोड झालेलं नाही, जावईबापूंना वाण देण्याची इच्छा आहे, शरयूला आधी पाठवावं, मधू न्यायला येईल.

माईंनी ते वाचून खुंटीमागे अडकवलं. "महिना काय पळून जातोय? विनोदिनी गेली की बघू."

शरयू गंगाधरपंतांकडे पाहत राहिली. ते पत्ते पिसत होते. "आई म्हणतेय तर…" ते म्हणाले, आणि त्यांनी पानं वाटायला घेतली.

त्या क्षणी शरयूला कळलं, कसं ते.

त्याचं असं झालं. माई मोठ्या हिशेबी. सुनेच्या अडचणीच्या तारखा सुनेपेक्षा त्यांनाच जास्त पाठ. त्या काळी अशा घरांतून बाईला महिन्यातून एकदा बाजूला बसावं लागे, कशाला शिवायचं नाही, चुलीजवळ यायचं नाही, मागच्या पडवीत घोंगडीवर बसायचं आणि वाढलेलं खायचं. मुलांना सांगायचं, कावळा शिवला. माई बोटांवर मोजून म्हणाल्या, "तू नेमकी वाणाच्या दिवशी बाजूला बसणार. तेव्हा अनारशांचं पीठ तू आधीच करून ठेव. तळायचं मी आणि विनी बघून घेऊ."

"बरं," शरयू म्हणाली.

ज्यांनी अनारसे करताना पाहिले नसतील त्यांना सांगायला हवं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून फडक्यावर पसरायचे, ओलसर असतानाच कांडायचे, चाळायचे. त्यात पिठाच्या बरोबरीनं किसलेला गूळ घालायचा, तोही हात राखून. गोळे करून डब्यात मुरू द्यायचे. गूळ कमी पडला तर अनारसा दगड होतो. आणि गूळ जास्त झाला तर तुपात सोडताक्षणी विरघळून, फाटून, चिंध्या होऊन कढईभर पसरतो. त्याला बायका म्हणतात, अनारसा हसला. एकदा हसू लागला की त्याला थांबवायला एकच उपाय, तसंच भिजवून केलेलं कोरडं पीठ वरून मळायचं. ते तयार नसेल तर पुन्हा तीन दिवस थांबा.

सांगलीचा गूळ, पिवळाधमक, मऊ. शरयूनं किसला. बरोबरीनं घातला. मग पुन्हा मूठ भरली. माई देवाजवळ पोथी वाचत होत्या. "झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"होतंय," शरयू म्हणाली, आणि तिसरी मूठ घातली.

थोडं पीठ तिनं बाजूला काढलं, सावलीत वाळवलं आणि पितळी डब्यात भरून कोठीच्या खोलीत, पापडाच्या पिंपामागे ठेवून दिलं. ते का ठेवलं, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. एवढं तूप वाया जाईल म्हणून मन कचरलं असेल. किंवा नुसतं मोडून तिचं समाधान होणार नव्हतं. मोडलेलं जोडण्याची किंमतही तिला मागायची होती.

मंडळी आली. आंबे आले. विनोदिनी झोपली. वाणाचा दिवस उजाडला आणि माईंच्या हिशेबाप्रमाणे शरयू आदल्याच दिवशी मागच्या पडवीत जाऊन बसली.

पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फरसबंद अंगण होतं. अंगणावर छप्पर नाही. माथ्यावर सूर्य आला की त्या फरशीवर पापड भाजावा. पडवीतून शरयूला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. माजघरात रांगोळी काढलेली, पाट मांडलेला. हरिभाऊ रेशमी काठाचं धोतर नेसून पाटावर विराजमान. गुरुजी आलेले, शेजारच्या चार सवाष्णी आलेल्या. त्यांच्यापुढे मिरवायचं म्हणून तर माईंनी त्यांना बोलावलेलं.

चुलीवर कढई चढली. शरयूनं कान टवकारले.

चर्र झालं. आणि लगेच आवाज पसरला, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरावेत तसा.

"आई, अगं हा हसला!"

"ओरडू नकोस. आच कमी कर. दुसरा सोड."

चर्र.

"हाही हसला."

"तुझा हात जड आहे. हो बाजूला, मी सोडते."

चर्र. मग बराच वेळ काही नाही. मग झाऱ्याचा कढईवर आपटल्याचा आवाज. शरयूनं गुडघ्यांना मिठी मारली. किती दिवसांत इतकं छान काही ऐकलं नव्हतं.

साळूबाई भांडी घ्यायला अंगणात आली होती. तिनं एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं, एकदा शरयूच्या तोंडाकडं. "वैनीबाई," ती हळूच म्हणाली, "शिंगं फुटली वाटतं."

"तू भांडी घास."

"घासती की. आज लय झक्क घासती."

आत माईंनी जळकं तूप उपसलं, नवं घातलं. तेही गढूळ झालं. माजघरातून हरिभाऊंचा आवाज आला, "काय माई, अनारसे तळताय की साताऱ्याहून मागवू?" गुरुजी हसले. सवाष्णी हसल्या नाहीत, पण एकमेकींकडे बघितलेलं शरयूला न दिसताही दिसलं.

मग विनोदिनी अंगणात आली. पाय भाजतात म्हणून तिनं भिंतीच्या सावलीची बारीकशी पट्टी धरली होती. केस चिकटलेले, हातावर तुपाचा चटका.

"वहिनी, पीठ कसं केलं होतंस गं?"

"नेहमीसारखंच."

"एकही उभा राहत नाही. सगळे हसताहेत."

"हसू द्या की वन्सं. सुट्टीच आहे."

विनोदिनी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि एकदम रडू लागली. शरयू बघत राहिली. नणंदेला जागेपणी इतका वेळ तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"तुला गंमत वाटतेय," विनोदिनी म्हणाली. "निघताना सासूबाईंनी काय सांगितलंय ठाऊक आहे? म्हणाल्या, दरवर्षी माहेर माहेर करतेस, आता अधिकात माझ्या लेकाचा मान कसा ठेवतात ते कळेलच. नीट झालं तर पुढच्या वर्षी पाठवू. नाहीतर हेच शेवटचं. हे आत्ता पाटावर बसून विनोद करताहेत, पण घरी जाऊन आईला सगळं सांगतात, अगदी मीठ कमी होतं तेसुद्धा. वहिनी, मी इथे येऊन लोळते म्हणून तुला राग येतो, कळतं मला. पण साताऱ्याला पहाटे हौद भरण्यापासून रात्री सासऱ्यांचे पाय चेपण्यापर्यंत… मी उभ्यानं झोपते गं तिथं. वर्षभराची झोप मी या महिन्यात झोपते."

शरयूला तिची कीव आली. आणि कीव आली याचा रागही आला. दोन वर्षं जपलेल्या रागाला असं भलत्या दारानं कुणी येऊन हात लावलेला तिला नको होता. पण राग कुणावर काढायचा, ते मात्र आता तिला अगदी स्वच्छ दिसलं.

"उपाय आहे," ती म्हणाली. "आईंना पाठवा."

"मला सांग ना."

"आईंना पाठवा."

माई आल्या. सोवळ्यातलं रेशमी पातळ, पाय अनवाणी. सावलीच्या पट्टीत विनोदिनी पुन्हा येऊन बसलेली, तिथं दुसरं कुणी मावणार नाही. पडवीत शरयू, तिच्याजवळ जाऊन चालणार नाही. माईंना उभं राहायला जागा उरली ती अंगणाच्या मधोमध, उन्हात. मोठ्यानं बोलावं तर माजघरात ऐकू जाईल.

"काय उपाय आहे? लवकर बोल," त्या कुजबुजल्या.

शरयू उठली नाही. "आई, माझे दादा आले होते तेव्हा ओटा असाच तापला होता."

"ते आत्ता काय?"

"तुम्ही म्हणालात, विनोदिनी गेली की बघू. ते थांबले. मी बाहेर येईपर्यंत थांबायचं त्यांच्यानं झालं नाही."

माईंनी एक पाय उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. "अगं पोरी, पाटावर जावई बसलाय. गुरुजी खोळंबलेत. ही वेळ आहे का?"

"तेव्हाही पाटावर जावईच होता."

"शरयू, तूप संपत आलंय."

"मग? वन्सं गेल्या की बघू."

माईंचं तोंड पडलं. ते शब्द त्यांचेच होते आणि त्यांनी ते ओळखले. रेशमी पातळाच्या पाठीवर घामाचा डाग पसरत गेला. पाय आलटून पालटून उचलले जात होते, बेंदराला शिंगं रंगवताना बैल उचलतो तसे. शरयू ते बघत होती. घाईनं तिनं काही केलं नाही. तहानलेला माणूस सावकाश पाणी पितो तशी ती बघत होती.

माजघरातून हरिभाऊ म्हणाले, "गंगाधर, तुमच्याकडे जावयाला उपाशी ठेवून पुण्य मिळतं की काय?"

"काय हवंय तुला?" माई म्हणाल्या. आवाजात आता धार नव्हती.

"आत जा. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा, की मधूला कार्ड टाकतोय, न्हायल्याबरोबर शरयू वाईला जाणार. वन्सं असतानाच जाणार. मला इथं ऐकू आलं पाहिजे."

माईंनी पदरानं तोंड पुसलं. मग वळल्या. माजघरातून त्यांचा आवाज आला, जरा चिरका, पण स्पष्ट. गुरुजी म्हणाले, "उत्तम, अधिकात लेकीनं माहेरी जावंच." गंगाधरपंत म्हणाले, "हो का? मला कुणी सांगितलंच नाही."

"पापडाच्या पिंपामागे पितळी डबा आहे," शरयू विनोदिनीला म्हणाली. "त्यातलं कोरडं पीठ मळा. थोडंथोडं. खसखशीची बाजू वर ठेवा आणि उलटू नका, वरून झाऱ्यानं तूप उडवा."

विनोदिनी धावली. थोड्या वेळानं चर्र झालं, आणि आवाज गोल राहिला, फाटला नाही. जाळीदार, तांबूस, एकामागून एक तेहतीस अनारसे निघाले. हरिभाऊ खूश झाले. साताऱ्याला सांगण्याजोगं झालं.

संध्याकाळी माई पडवीसमोर येऊन उभ्या राहिल्या. फरशी निवली होती, पण त्या जपून पाय टाकत होत्या.

"कोरडं पीठ आधीच काढून ठेवलं होतंस," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुद्दाम केलंस."

"तुम्हीही मुद्दामच केलं होतं."

माई वळून आत गेल्या. त्यानंतरही या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. पण मधू न्यायला आला तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. तो बिचारा खांद्यावरची पिशवी काढून सवयीनं ओट्यावर टेकणार, तोच माई आतून लगबगीनं बाहेर आल्या. "तिथं नको, तिथं नको. आत या. ओटा तापलाय." त्यांनी स्वतः त्याला पाट दिला, पन्हं दिलं.

शरयू दाराआडून बघत होती. हेच तिला हवं होतं. पण पाटावर मधू बसला होता. दादा नव्हते बसलेले.

निघताना ती स्वयंपाकघरात डोकावली. चुलीपुढे विनोदिनी बसली होती, जागी, पीठ मळत. माईंना एवढं रांधणं आता झेपत नव्हतं. तिनं मान वर करून वहिनीकडं पाहिलं. "जा," ती म्हणाली. बाकी काही नाही. तिच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं दिसू लागलं होतं.

गाडीत शरयूला खिडकीशी जागा मिळाली. मिरज मागं पडली, कऱ्हाडचा पूल गेला, वाठारला उतरून ती कोळशाच्या मोटारीत बसली. मोटार चढावर थांबली की उतारूंनी खाली उतरायचं, क्लीनरनं कोळशाची भट्टी ढवळायची, मग पुन्हा निघायचं. तिला कंटाळा आला नाही. वाई जवळ आली, घाटावरचं देवळाचं शिखर दिसलं, आणि तिनं मनाशी ठरवलं, आज जेवून झोपायचं. भांड्यांचा आवाज झाला तरी झोपायचं.

आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. कुशीत घेतलं, रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "आता महिनाभर हात हलवायचा नाही. चारुशीला आहे सगळं करायला."

चारुशीला म्हणजे मधूची बायको. लोणंदची, लग्नाला वर्ष झालेलं, अजून अंगाला पेलत नाही असं नऊवारी लुगडं सावरत वावरणारी. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, वाकून नमस्कार केला, जेवायला वाढलं. सगळं वेळच्या वेळी. फक्त वर पाहिलं नाही.

जेवून शरयू माजघरात लवंडली. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती, दोरीनं बांधलेली. वर एक नवं झबलं ठेवलेलं.

"आई, ही पेटी कुणाची?"

"चारुशीलेची. तिच्या लोणंदच्या भावाची पहिली मुलगी, तिचं बारसं आहे. परवा आला होता तो भाऊ न्यायला," आई पंखा हलवत कौतुकानं म्हणाली. "मी म्हटलं, आत्ता कशी पाठवू? माझी शरयू यायची आहे. ती गेली की बघू."

शरयूची झोप उडाली. ती तशीच पडून राहिली. पंख्याचा वारा तिला सोसेना. आईचा हात मायेचा होता, शब्द माईंचे होते, आणि आईला त्याचा पत्ताच नव्हता.

स्वयंपाकघरातून गूळ फोडल्याचा आवाज येत होता. गंगाधरपंत महिनाअखेर यायचे होते, त्यांच्या वाणाच्या अनारशांचं पीठ आजच मळायला आईनं सांगितलं होतं. खलबत्त्याचा आवाज जरा जास्तच जोरात येत होता. लागेल त्यापेक्षा जास्त गूळ फुटत होता.

शरयू उठली आणि दारात जाऊन उभी राहिली.

चारुशीला परातीपुढे बसली होती. पिठाच्या बरोबरीचा गूळ कधीच घालून झाला होता, पीठ चांगलं पिवळं झालं होतं. तरी तिनं मूठ भरली, परातीवर नेली, आणि चाहूल लागून थबकली. वर पाहिलं. शरयूनं ते डोळे ओळखले. ते तिनं कितीदा सांगलीच्या पाण्याच्या हंड्यात पाहिले होते.

"तुझा भाऊ आला होता ना," शरयू म्हणाली. "त्याला कुठं बसवलं होतं?"

चारुशीलेनं मान खाली घातली. "ओट्यावर."

"आत कुणी बोलावलं नाही?"

"सासूबाईंनी पाणी दिलं. गूळ दिला." परातीची कड पुसत ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी गाद्यांना खोळी घालत होते. बाहेर आले तोवर तो गेला होता."

शरयू तिच्यासमोर खाली बसली. तिच्या मुठीतला गूळ तिनं काढून घेतला, त्यातला खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि माजघराकडं तोंड करून हाक मारली, "मधू, उद्या सकाळी लोणंदला निघायचं. चारुशीलेला बारशाला पोहोचवायचंय."

"अगं, पण तू सुट्टीला आलीस," आई उंबऱ्याशी येऊन म्हणाली. "ती गेली तर चुलीपुढं कोण बसेल?"

"मी बसेन."

"मग कशाला आलीस इतक्या लांब?"

"करवंदं खायला," शरयू म्हणाली. "आणि आई, पुन्हा तिच्या घरचं कुणी आलं, तर त्याला ओट्यावर बसवू नकोस."

आईला काही उलगडलं नाही. ती पुटपुटत गेली. शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, अशा नजरेनं चारुशीलेनं शरयूकडं पाहिलं. मग तिनं परात पुढं ओढली, मान खाली घातली आणि पिठावर वरून पडलेला जास्तीचा गूळ खडाखडानं वेचून काढायला घेतला.